कानातच राहिलेलं नाव

२ मार्च, रविवार

मॅडम, उशिराबद्दल माफी असावी. तुम्ही पहिल्याच शनिवारी सांगितलं होतं, रोज वहीत लिहा, आणि मी आज पहिलं पान उघडतोय. हात कापतो, चष्मा जुना झालाय, असं सांगणार होतो. ते खरं नाही. भीती वाटत होती. लिहिलेलं कोर्टात गेलं तर. काल दुभाषी बाईंना विचारलं. नागपूरकडच्या आहेत. म्हणाल्या, "काका, मॅडमला मराठी कुठं वाचता येते? पानं भरली का, तेवढंच पाहते ती."

मग हरकत नाही. ज्याला वाचता येत नाही त्याच्यापुढे खरं लिहावं.

जानेवारीत इथे अमेरिकेत मुलाबरोबर, महेशबरोबर, संक्रांतीचे तीळ आणायला गेलो होतो. दुकानासमोर गाडीत पिशव्या ठेवता ठेवता तो म्हणाला, "अण्णा, बाळाचं नाव आयरिश ठेवणार आहोत. ठरलंय आमचं." मी त्याच्या मुस्कटात मारली. मग दुसरी. एकोणचाळीस वर्षांचा मुलगा. चष्मा खाली पडला. त्यावर माझा पाय पडला, की मी दिला, ते मला अजून सांगता येत नाही.

कुणीतरी पोलिसांना फोन केला. माझे खांदे लोहाराचे, पाठीमागे मनगटं एका बेडीत जुळेनात. त्या पोलिसाने दोन बेड्या एकमेकींत अडकवल्या. महेश सारखा म्हणत होता, "ही इज माय फादर, ही इज माय फादर." त्याच्या नाकातून रक्त येत होतं.

जजने बारा शनिवार राग आवरायचा क्लास लावला. ते एक वेळ सोसेन. सून नोरा, आयरिश घरातली, तिची अट जजपेक्षा कडक. या घरात हात परत उठला तर परतीचं तिकीट. आणि ती सांगेपर्यंत बाळाला हात लावायचा नाही. उचलून घेणं तर लांबच.

एप्रिलच्या शेवटाला दिवस भरतात. मी बहात्तरचा. एवढी एकच गोष्ट राहिलीय बघायची.

८ मार्च, शनि.

क्लास. कॉम्प्युटरवर नऊ तोंडं. एकाने बायकोचा टीव्ही कुऱ्हाडीने फोडला. एकाने शेजाऱ्याच्या दाराला गाडी घातली. माझी पाळी आली तेव्हा दुभाषी बाई जरा सांभाळून बोलल्या असाव्यात, कारण मी बरंच बोललो आणि त्यांचं इंग्रजी दोन वाक्यांत संपलं.

मॅडम म्हणतात, हात उठायच्या आधी खांद्यात आग होते. ती ओळखा. हात खिशात घाला आणि दहा मोजा.

म्हटलं, "माझ्या पायजम्याला खिसा नसतो म्हणून सांगा त्यांना."

"शिवून घ्या म्हणते, काका."

सगळी तोंडं हसली. खांद्यात आग झाली. सात मोजले.

१६ मार्च

विहीणबाई आल्या. नोराची आई, मॉरीन. बोस्टनकडून. पंचवीस वर्षं शाळेची बस चालवली. आवाज तसाच, मागच्या सीटपर्यंत जाणारा. त्यामुळे मला ऐकू येतो. माझे कान घणाने गेले, वर्कशॉपात लोहारखात्यात तीस वर्षं. घरात बाकी सगळे हळू बोलतात, मला वाटत राहतं माझ्याबद्दलच बोलतात.

त्यांनी आल्या आल्या माझे दोन्ही हात हातात घेऊन उलटसुलट बघितले, बाजारात मासळी बघावी तसे. म्हणाल्या, "सो धिस इज द फेमस हँड." महेश कानकोंडा झाला. मला त्यांचा राग आला नाही. का, माहीत नाही.

फ्रिजवर नावांची यादी लावलीय. बारा-तेरा नावं. निम्म्यांवर काट. मी महेशला विचारलं, ही का खोडली. म्हणाला, "ज्या नावाच्या अर्थात लढाई आहे ती नोराने काढली." काहल नावाचा अर्थ लढाईतला राजा. काट. दुसऱ्या एकाचा काळा योद्धा. काट. मी म्हटलं, तुमच्यात मारामारी फार दिसते. महेशने त्यांना तसं सांगितलं, तर विहीणबाई टेबलावर हात आपटून हसल्या. "लुक हू'ज टॉकिंग!"

२० मार्च

गॅरेजमध्ये विंचू. इथले विंचू गव्हाच्या रंगाचे, करंगळीएवढे. नोराच्या सपातांजवळ होता. पायातली चप्पल काढली. पहिल्याच फटक्यात मेला. मी थांबलो नाही. विंचू उरला नव्हता, सिमेंटवर ओला डाग होता, तरी मी मारतच होतो. तोंडाने शिव्या देत होतो बहुतेक.

मान वळवली तर दारात नोरा. आठवा संपत आलेला. दोन्ही हात पोटावर, लहान मुलाचे डोळे झाकावेत तसे.

म्हटलं, "स्कॉर्पियन."

"ओके, बाबा." दार लावून घेतलं. कुलूप फिरलेलं ऐकू आलं नाही, दिसलं.

चांगलंच केलं होतं ना मी. तिच्यासाठीच मारला.

२३ मार्च

विहीणबाईंबरोबर अंगणात चहा. त्या फोनमध्ये बोलतात, फोन मराठीत सांगतो. फोनमधली बाई फार शुद्ध बोलते, विहीणबाई हसत असल्या तरी ती गंभीरच.

मी सांगितलं, आमच्यात थोरल्या नातवाला आजोबांचं नाव, आजोबा गेल्यावर. जित्या माणसाचं नाव ठेवत नाहीत. पोराला त्याच नावाने शिव्या कशा देणार? म्हणून मला माझ्या वडिलांचं नाव हवं होतं. धोंडीराम. एवढंच म्हणणं होतं माझं.

त्यांनी फोन जवळ ओढला. मग म्हणाल्या, आमच्या घरातही हीच रीत. पहिला मुलगा झाला की त्याला बापाच्या बापाचं नाव. जिवंत असला तरी. म्हणजे आमच्या रीतीने या मुलाचं नाव दत्तू. तुमचं.

मी चहा खाली ठेवला.

"रीत मोडतोय आम्ही," फोनमधली बाई शांतपणे म्हणाली, "ती तुमच्यामुळे. माझा मुलगा झाला तेव्हाही मोडली होती. माझ्या सासऱ्याचं नाव काहल. त्यांच्याकडे पट्टा होता. तुमच्याकडे काय होतं?"

चहा गार झाला.

३० मार्च

आज महेश.

चूक माझी. सकाळपासून तीनदा तेच. धोंडीराम निदान दुसरं नाव म्हणून तरी. बाळाचं मधलं नाव आपल्या रीतीने महेश लागेल, तसं माझं महेशला लागलं होतं. पण सिटिझन होताना फॉर्मवर विचारतात, नावात काही बदलायचंय का, तेव्हा त्याने दत्तात्रय काढून टाकलं. ते मला चार वर्षांनी पासपोर्ट बघून कळलं. आज तेही बोललो. म्हटलं, "बापाचं नाव टाकणारा पोराला काय नाव देणार? दे कसलंही कुत्र्याचं."

तो उठला. माझ्या कानाशेजारून त्याची मूठ गेली आणि भिंतीत घुसली. मनगटापर्यंत. इथल्या भिंती आतून पोकळ. काढली तेव्हा हात पांढरा, पीठ मळल्यासारखा, मग त्यातून लाल फुटायला लागलं.

त्याने हात माझ्या तोंडापुढे धरला. "अण्णा, बघा. हा कुणाचा हात आहे? माझा आहे? सांगा ना." रडत होता.

मग बोलला ते जसंच्या तसं लिहितो. "मराठीत कुणी मोठ्याने हाक मारली ना, मी अजून डोकं झाकतो. ऑफिसात, पार्टीत, कुठेही. मित्र हसतात. माझ्या पोराला असं नाव हवंय जे तुम्ही कधी ओरडलेलं नाही. बास. नोराचा हट्ट नाही हा. आयरिश नावाची कल्पना माझी आहे. मी शोधलं."

मला वाटत होतं, तिने लावलंय त्याला.

३१ मार्च

भिंत बुजवली. पूड, पट्टी, पत्रा विहीणबाईंनी दुकानातून आणलं. तीन हात दिले, घासून सपाट केलं. रंग थोडा वेगळा दिसतो. महेश ऑफिसातून आला, भिंतीकडे बघून आत गेला.

५ एप्रिल, शनि.

क्लासमध्ये विचारलं, सर्वांत वाईट काय केलं. टीव्हीवाल्याने टीव्ही सांगितला. मी म्हटलं, पास.

इथे लिहितो.

सतरा वर्षांपूर्वी. सुरेखा, माझी धाकटी, कॉलेजात होती. स्टँडसमोर एका मुलाबरोबर उसाचा रस पिताना दिसली. हसत होती. एवढंच. घरी आल्यावर पुढचं दार लावलं. हातात वर्कशॉपातून आणलेली लोखंडी पट्टी होती, बोटभर जाड. पाठीवर मारली. ती ओसरीच्या खांबाला धरून राहिली. किती वेळा ते माहीत नाही, विंचवाचंही मला माहीत नव्हतं. मालन, माझी बायको, मध्ये पडली, तिच्या कोपरावर बसली. महेश वरच्या खोलीत होता, खाली आला नाही. तो भितो असं मी लोकांना सांगायचो.

सुरेखाच्या दोन बरगड्या मोडल्या. ओल उमटावी तशी पोलक्याला पट्टी उमटली होती. त्याच महिन्यात परीक्षा होती, उभी राहून पेपर लिहिला, पहिली आली. मग शिकायला इकडे. त्या दिवसापासून माझ्याशी एक शब्द नाही. मालन गेली तेव्हा फोन केला तो महेशला.

न्यू जर्सीत असते, आयसेलिनला. औषधांच्या कंपनीत मोठी आहे म्हणे.

सगळं गाव तेव्हा म्हणालं होतं, बाप असावा तर असा. हेही खरं आहे.

१२ एप्रिल

विहीणबाईंनी माझ्या चारी पायजम्यांना खिसे शिवले. फुलाफुलांच्या कापडाचे, जुन्या उशीच्या अभ्र्याचे. "नाऊ यू हॅव नो एक्स्क्यूज, मिस्टर दत्तू."

सु. बारशाला येणार. नोराने स्वतः फोन केला तिला. नाव ठेवायचा मान आत्याचा, हे कुणीतरी नोराला सांगितलं आणि तिला ते फार पटलं. तीन नावं तिला पाठवलीत, कोल्म, रोनन, ओशीन. म्हणजे पारवा, सील म्हणून समुद्रातलं एक जनावर त्याचं पिल्लू, आणि हरणाचं पाडस. तिन्ही गरीब जनावरं. सोबत नोराने लिहिलंय, यातलं कुठलंही, किंवा तुझ्या मनाचं चौथं. तू कानात सांगशील तेच नाव. आम्ही आधी विचारणार नाही.

सु.च्या अटी महेशने वाचून दाखवल्या. एक, अण्णा खोलीच्या दुसऱ्या टोकाला. दोन, माझ्याशी बोलायचं नाही. तीन, पाठीत बुक्के मारायचे नाहीत. कुणीही. गमतीतसुद्धा.

तिसरी नोराला कळेना. महेशने समजावलं, आत्या बाळाच्या कानात नाव सांगते तेव्हा बाकीच्या बायका तिच्या पाठीत हसत हसत बुक्के घालतात. रीत आहे.

नोरा माझ्याकडे बघत राहिली. मी खिशात हात घातला.

२१ एप्रिल, सोम.

मुलगा! सकाळी ९:४०. आठ पौंड. नोरा बरी. फोनवर बघितला. लालबुंद, मुठी आवळलेल्या. सगळ्यांच्या आवळलेल्याच असतात, विहीणबाई म्हणाल्या.

मला दवाखान्यात नेलं नाही. विचारलंही नाही मी.

२४ एप्रिल

घरी आणला. चार फुटांवरून बघितला. कपाळ महेशचं. कान माझ्या वडिलांचे, पाळी सुटी. हे बोललो नाही.

कागदावर नावाच्या जागी नुसतं 'बेबी बॉय'. दवाखान्यातली बाई घाई करत होती म्हणे, नोरा म्हणाली, नाव अजून न्यू जर्सीत आहे.

बारसं शनिवारी, तीन तारखेला. तेरावा दिवस येतो. तेराव्याला काय करतात माहीत आहे ना, म्हटलं महेशला. म्हणाला, अण्णा, फ्लाइट मिळायला हवी ना यार. चालतं तेरावा. चालत असेल. मन खात राहतं.

२६ एप्रिल

शेवटचा क्लास. सर्टिफिकेट आलं. मॅडमनी वहीची पानं कॅमेऱ्यापुढे धरायला लावली, मी भराभर उलटली. "व्हेरी गुड, दत्तू!" दुभाषी बाई म्हणाल्या, "काका, जपा आता." त्यांचा आवाज आता परत ऐकू यायचा नाही, याचं वाईट वाटलं.

आता ही वही कुणालाच दाखवायची नाही. तरी लिहितो. सवय.

२ मे

सु. आली. मी खिडकीतून बघितलं. केस कापलेत. चालते मालनसारखी, एक खांदा जरा खाली. की तो त्यामुळेच.

ठरल्याप्रमाणे माझ्या खोलीत बसून आहे. जेवण विहीणबाई आणून देतात.

बाहेर हसणं चाललंय. सु.चं हसणं ओळखू आलं. ते स्टँडवर होतं तेच.

४ मे, रविवार

काल लिहिता आलं नाही. नाकाला कापूस आहे, चष्मा टेकत नाही. सगळं क्रमाने लिहितो.

पाळणा म्हणजे इथली टोपली, खाली चाकं. झेंडूच्या माळा महेशने लावल्या. पलीकडच्या गल्लीतल्या जोशी वहिनी आणि त्यांच्या ओळखीच्या दोघीतिघी. वरवंटा कुठून आणणार, वहिनींनी खलबत्त्यातला बत्ता आणला, त्याला कुंची घातली. पाळण्याखालून, पाळण्यावरून, आधी बत्ता मग बाळ. विहीणबाईंच्या हातात बत्ता आला तेव्हा म्हणाल्या, हा मुलगा जास्त शहाणा आहे, रडत नाही. सगळ्या हसल्या. सु. पण.

मी दुसऱ्या टोकाला खुर्चीत. नवा झब्बा, खिसेवाला पायजमा.

सु. हिरव्या साडीत. हिरव्या बांगड्या. पाळण्यावर वाकली, बाळाच्या कानापाशी तोंड नेलं. घर एकदम गप्प. आणि मला ऐकू येईना. तिचे ओठ हलताना दिसत होते. बहात्तर वर्षं जगलो, नातवाचं नाव ऐकू येईना. मी उठलो. चार-पाच पावलं. हात मागे बांधलेले होते, देवाशपथ. फक्त ऐकायला.

तेवढ्यात जोशी वहिनींची मूठ सु.च्या पाठीत पडली. त्यांना अट सांगितली होती, त्या विसरल्या. जन्मभराची सवय, आत्या वाकली की हात जातोच. हलकी होती. कापूस दाबावा तशी.

सु. वळली. मागे मी.

थप्पड नाही, मुठीने मारलं तिने. नाकावर. मग तोंडावर. कवळी तुटून जिभेवर आली. बांगड्या फुटल्या, काच गालात गेली. ती थांबेना. छातीवर, खांद्यावर, मानेवर. तोंडाने काय म्हणत होती ते मला ऐकू आलं नाही. मी तिच्याकडे बघत होतो आणि मला गॅरेजमधलं सिमेंट दिसत होतं. बाळ किंचाळायला लागलं. महेश "सुरेखा, सुरेखा" करत धावला, तोवर

माझा हात उठला. हे लिहायलाच हवं. उजवा. खांद्याच्या वर. मी उठवला नाही, तो उठला. पण हात कुणाचा हे महेशने विचारून झालंय.

सु. थांबली. मागे सरली नाही, डोकं झाकलं नाही. हनुवटी वर केली. म्हणाली, "मारा, अण्णा."

सतरा वर्षांतला पहिला शब्द. तो मात्र नीट ऐकू आला.

हात खिसा शोधायला लागला. झब्बा लांब, खिसा सापडेना. झब्ब्याचा घोळच मुठीत आला, तोच आवळून धरला. दहा काही मोजले नाहीत. आकडेच आठवले नाहीत.

पाठीत मी मारलं नाही, हे वाक्य तोंडात आलं होतं, तुटक्या कवळीच्या मागे. जोशी वहिनी पदर तोंडात धरून उभ्या होत्या, पांढऱ्या पडल्या होत्या. मी त्यांच्याकडे बघितलं. बोललो नाही. सु.ने मारलं ते आजच्या बुक्क्याबद्दल नव्हतंच. आजचं तेवढं खोडून काय करायचं.

तिने पर्स घेतली. बॅग घेतली. महेश दारापर्यंत मागे गेला. "सुरेखा, नाव? नाव काय सांगितलंस?"

"सांगितलंय त्याला."

गेली. त्याच साडीत, एका हातात बांगड्या, एका हातात नाहीत.

५ मे

नोरा माझ्या खोलीत आली. पहिल्यांदाच. बाळ छातीशी. महेश दाराशी, मराठीत सांगायला.

"बाबा, तिच्या पाठीत तुम्ही मारलं?"

मी बाळाच्या मुठीकडे बघितलं.

"तुमचा हात उठला का?"

"उठला."

ती मान हलवून गेली. महेशने एकवीस तारखेचं तिकीट काढलं. मुंबई. मला दाखवलं, खिडकीजवळची सीट आहे म्हणाला. त्याचा आवाज असा होता की मीच त्याला म्हटलं, जाऊ दे रे.

सु. फोन उचलत नाही. बंदच आहे. नाव कुणालाच माहीत नाही.

७ मे

महेश म्हणाला, आपण ठेवू एखादं, तीनातलंच सांगितलं असेल ना, कोल्म ठेवू. नोरा म्हणाली, नाही. त्याला नाव मिळालंय. मी त्याला दुसऱ्या नावाने हाक मारणार नाही. विहीणबाईंनीही मान डोलावली. एकदा कानात गेलेलं नाव परत घेता येत नाही, आमच्या आजीच्या गावातही असंच मानतात, म्हणाल्या.

तोवर सगळे त्याला 'ही' म्हणतात. ही इज हंग्री. ही इज स्लीपिंग.

८ मे

दुपारी जोशी वहिनी आल्या, नोराला डिंकाचे लाडू घेऊन. डबा टेबलावर ठेवला आणि तिथेच रडायला लागल्या. महेश घरीच होता. त्याला सगळं सांगितलं. "मी मारला हो बुक्का. मेली सवय माझी. या म्हाताऱ्या माणसाचं तोंड फुटलं तरी माझ्या तोंडातून शब्द फुटेना. आणि हे माझ्याकडे बघून गप्प बसले. पाच दिवस जेवण जात नाही मला."

विहीणबाई म्हणाल्या काहीतरी, आयरिशमध्ये असेल, शिवीसारखं वाटलं.

महेश माझ्याकडे वळला. "अण्णा, बोलला का नाहीत?"

काय सांगणार. म्हटलं, "कवळी तुटली होती."

त्याला हसू आलं, मग आवरलं. खूप वर्षांनी माझ्या बोलण्यावर हसला.

वहिनी म्हणाल्या, मी आत्ता सुरेखाला फोन करते. मी म्हटलं, नका. तिला वाटेल आपण उगाच मारलं. उगाच नव्हतं. त्या ऐकणाऱ्या नाहीत. फोन बंद होता, मग त्यावर बोलून ठेवलं, मोठमोठ्याने, रडत, पाच मिनिटं.

९ मे

तिकिटाचं विचारलं. नोराचं म्हणणं महेशने सांगितलं. "हात उठला ते खरं. हात खाली आला तेही खरं. मी नाही ठरवणार. मार तिने खाल्लाय. सुरेखा ठरवेल."

म्हणजे नाव तिच्याकडे आणि मीही तिच्याकडे.

नाकाची सूज उतरली. गालातली काच विहीणबाईंनी काढली होती, ती मी टाकली नाही. खिशात आहे, फुलांच्या.

११ मे, रविवार

सकाळी नोरा अंगणात बसली होती, मी कुंड्यांना पाणी घालत होतो. तिने बोलावलं. चार फूट सोडून थांबलो. ती म्हणाली, "कम, बाबा. जस्ट लुक." दोन फुटांवर गेलो. हात मागे. त्याने डोळे उघडले. मुठी उघडल्या होत्या. मला त्याच्याशी बोलायचं होतं आणि हाक मारायला काही नव्हतं. बाळा म्हटलं असतं. पण त्याला नाव आहे, ते तुझ्याकडे आहे.

सुरेखा, फोन लावायचा मला अधिकार नाही, म्हणून या वहीत. जोशी वहिनींचं तू ऐकलं असशील. ते विसर. बुक्का कुणाचा होता याने काही फरक पडत नाही, तू मारलंस ते बरोबरच ठिकाणी बसलं. माझ्या तिकिटाचं तुला वाटेल ते कर. जा म्हणालीस तर जाईन, बॅग भरलेली आहे.

पण पोराला एकवीस दिवस होतील आज. नाव काय सांगितलंस तेवढं कळव. मला कळवू नको, महेशला कळव, नोराला कळव. ते तोंडात बसायला मला वेळ लागेल. जिभेला सवय नाही आणि कवळी नवी. कुंड्यांना पाणी घालताना म्हणत जाईन, हळू, सगळ्यात हळू, जिथे असेन तिथे. ओरडणार नाही.

लवकर कळव.